कपाटाची किल्ली

जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा चोपड्याकडच्या सातपुड्यालगतची असो की धुळ्याच्या साक्री तालुक्यातली, वर्गात शिरल्यावर फळ्याच्या आधी डोळ्यांत भरतं ते राखाडी लोखंडी कपाट. मोठ्या माणसाच्याही डोक्यावर जाईल एवढं उंच. आत काय आहे असं विचारलं तर यादी चांगली लांबलचक निघते : गणित पेटी, शंभर मण्यांची माळ, पृथ्वीगोल, तराजू, भिंग, चुंबक, गोष्टींची पुस्तकं. बऱ्याच ठिकाणी या पुस्तकांचे कोपरे करकरीत असतात आणि मण्यांच्या माळेवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं. पहिलीतलं पोर मात्र शेजारच्याची पेन्सिल मागत असतं.

सगळ्या शाळा अशा नाहीत. आपल्या खर्चानं साहित्य आणून मुलांपुढे मोकळं टाकणारे शिक्षक खानदेशात पुष्कळ आहेत. तरी वर्ग नीट लावणं म्हणजे काय, याचं उत्तर शोधायला रंगरंगोटीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. ते कपाट बंद का राहतं, तिथून सुरुवात करावी लागते.

शिक्षक आळशी म्हणून ते बंद राहतं, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. खरं कारण एका वहीत दडलंय. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. बोलताना सगळे तिला ‘डेडस्टॉक’ म्हणतात. मुख्याध्यापकांची बदली झाली की पदभार देताना ही वही पुढे ठेवून वस्तू मोजून द्यायच्या. वस्तू मोडली, तर ती नोंदीतून कमी करायला निर्लेखन करावं लागतं. त्याची यादी करा, ठराव घ्या, वरून मंजुरी आणा. वीस-पंचवीस रुपयांच्या चुंबकासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मुलांच्या हाती दिलेली वस्तू झिजणार आणि हरवणार, हे ठरलेलंच आहे. झिजलेल्या वस्तूचा जाब विचारला जातो, पडून राहिलेल्या वस्तूचा कोणी विचारत नाही. मग कुलूप बरं.

हा दोष जुना आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून १९८७मध्ये केंद्र सरकारची ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ योजना निघाली. आपल्याकडे ती ‘खडू-फळा योजना’ म्हणून ओळखली गेली. प्रत्येक प्राथमिक शाळेला ऊन-पावसात वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि अत्यावश्यक शैक्षणिक साहित्य, असं तिचं स्वरूप होतं. साहित्य पोचलं. पाच वर्षांनी, १९९२च्या कृती कार्यक्रमात सरकारनंच आपल्या योजनेच्या उणिवा लिहून काढल्या : साहित्य वापरायचं प्रशिक्षण शिक्षकांना मिळालं नाही, स्थानिक गरज न पाहता सगळीकडे एकच यादी गेली, आणि मोडतोडीची तरतूदच नव्हती. माझ्या मते तिन्हींत ही शेवटची उणीव सगळ्यांत महागात पडली. लहान मुलांच्या हाती द्यायची वस्तू मोडणार नाही, असं गृहीत धरून केलेली योजना कपाटातच संपणार.

कुलपाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक धागा धुळ्याशी जुळतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभेतर्फे रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं आणि कागद गावोगावच्या मठांतून गोळा केले. तो संग्रह तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. विद्यार्थ्याचं दप्तर कसं असावं याचा इतका बारकाईचा मजकूर जुन्या मराठीत क्वचितच सापडेल : बोरू कसे निवडावेत, शाई कशी, रेघा कशा आखाव्यात, ओळींतलं अंतर सारखं कसं राखावं. त्यातच पुस्तकं बांधायची बासनं, मेणकापड, पेट्या आणि हो, कुलपंही येतात. सतराव्या शतकात हे अगदी रास्त होतं. एक पोथी उतरवायला महिनेच्या महिने जात, ती गेली तर दुसरी मिळायची नाही. बालभारतीची छापील पुस्तकं दरवर्षी फुकट वाटली जातात त्या काळात तीच कुलूपवृत्ती शिल्लक राहिली आहे, एवढंच.

ही कुलूपवृत्ती ढिली झाल्याची एक हकीकत शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसोरींनी स्वतः लिहून ठेवली आहे. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. साधनं उंच कपाटात, कपाटाला कुलूप. बाई येऊन कपाट उघडणार, वस्तू वाटणार आणि शेवटी गोळा करणार. एके दिवशी बाई उशिरा आल्या, आणि आदल्या दिवशी कुलूप लावायला विसरल्या होत्या. येऊन पाहतात तर मुलांनी कपाट उघडून हव्या त्या वस्तू घेतलेल्या. बाईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसोरींना त्यात वेगळंच दिसलं : कोणती वस्तू कुठे असते हे मुलांना पक्कं ठाऊक आहे आणि आपल्याला काय हवं हेही. त्यांनी उंच कपाट काढून तिथे बुटकी, उघडी मांडणी आणवली. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणारं ते बुटकं फडताळ एका विसरलेल्या कुलपातून आलं आहे.

पण मॉन्टेसोरींची साधनं महाग आणि सुताराकडून बेतून घेतलेली. ती खेड्यात कशी न्यायची, हा प्रश्न आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाती घेतला. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गावात फुकट मिळणाऱ्या बिया, खडे, शिंपले, पानं, काड्या हीच त्यांची साधनं झाली. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. गुरं चरतात तिथे शिक्षिका जाणार. कुरणात कपाट कुठून आणणार? लागणारं साहित्य नेता येईल एवढंच घ्यायचं, बाकीचं जमिनीवर पडलेलंच असतं.

खानदेशात हा हिशेब अधिकच सोपा आहे. चिंचोके प्रत्येक गावात. गुंजा सातपुड्यात मिळतात, पण त्या विषारी असल्यानं लहान मुलांच्या वर्गात नकोतच. तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या सारख्या मापाच्या तोडून, टोकं घासून, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की दशक-एकक शिकवायला गणित पेटी उघडायचीही गरज नाही. दादर ज्वारीच्या धाटांचे तुकडे मोजायला आणि आकार करायला उत्तम. रावेर-सावद्याकडे केळीची पुठ्ठ्याची खोकी मिळतात, त्यांचे कप्पे होतात. यातलं काहीच जडसंग्रहात चढत नाही, ही त्याची खरी गंमत. हरवलं तर हरवलं. शिक्षकाची भीती जाते आणि मुलाचा हात सुटतो.

आता खोलीकडे वळू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. छोट्या गावात चार वर्ग, दोन गुरुजी, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग, आणि एक जण केंद्रावर बैठकीला गेला की एकाच खोलीत चारही. वर्गरचनेवरची बहुतेक पुस्तकं ‘एक खोली, एक इयत्ता’ धरून लिहिलेली असतात, म्हणून ती इथे निरुपयोगी ठरतात. बहुवर्ग खोलीत पहिला निर्णय फळ्यांचा. दोन फळे समोरासमोरच्या भिंतींवर लावले आणि दोन वर्ग एकमेकांकडे पाठ करून बसले, तर मुलांचं लक्ष कमी फुटतं. आवाज कानावर येतो, पण चित्र डोळ्यांपुढे येत नाही. शिक्षक मधल्या पट्ट्यात फिरतो. एका वर्गाला तोंडी शिकवणं चालू असताना दुसऱ्याला हातानं करायचं काम हवं, आणि ते साहित्य मुलांनी न विचारता उठून घेता आलं पाहिजे. म्हणजे बुटकं फडताळ ही इथे शोभेची गोष्ट राहत नाही. ते नसेल तर शिक्षक दर तीन मिनिटांनी किल्ली घेऊन उठतो आणि दोन्ही वर्ग बुडतात. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी हीच अडचण ओळखून पायरीपायरीची कार्डं तयार केली, मुलांच्या हाताशी ठेवली, आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यात प्रत्येक मुलाला लिहायला फळा दिला. तमिळनाडूनं पुढे ती पद्धत सरकारी शाळांत नेली.

फडताळाची उंची किती, याला फूटपट्टी लागत नाही. पहिलीतल्या सर्वांत बुटक्या मुलाला उभं करा. त्याच्या डोळ्यांच्या वर वस्तू नको. फळ्या नसतील तर विटा आणि लाकडी पाट चालतात, मात्र ते डगमगता कामा नयेत. वस्तू ठेवायच्या जागी कागद चिकटवून तिची बाह्यरेषा काढून ठेवावी. डब्याच्या जागी डब्याचं वर्तुळ, कात्रीच्या जागी कात्रीचा आकार. वाचता न येणाऱ्या मुलाला ही खूण कळते. घरी अहिराणी, पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या आणि शाळेतलं प्रमाण मराठी अजून परकं असणाऱ्या मुलालाही कळते. शब्द हळूहळू रेषेच्या खाली लिहावा. रिकामी आकृती दिसली की काय परत आलं नाही हे सांगायला गुरुजी लागत नाहीत.

जागा ठरवताना इथल्या हवेचं ऐकावं लागतं. जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मार्चपासूनच शाळा सकाळची होते. पूर्वेच्या खिडकीतून आठच्या सुमारास ऊन थेट फळ्यावर आलं तर निम्म्या मुलांना नुसती चकाकी दिसते. जूनमध्ये लावलेला फळा मार्चमध्ये पुन्हा तपासून पाहावा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून हवा. माठ दारापाशी, पण फडताळापासून लांब. पावसाळ्यात काळी माती पायांबरोबर येते, तेव्हा चपला बाहेर आणि दाराशी बारदान. वाळवी तर भिंतीतूनच येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि विटांवर उंच ठेवलं की निदान तिची वाट दिसते.

पोषण आहाराचा तांदूळ हा वेगळाच विषय. स्वतंत्र कोठीखोली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पोती वर्गात येतात, पोत्यांमागे उंदीर, आणि उंदरांना तांदळाइतकीच पुस्तकंही आवडतात. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, पुस्तकांच्या समोरच्या कोपऱ्यात. इथे मात्र कुलूप हवंच. धान्याचा हिशेब रोजचा असतो.

मुलांच्या स्वतःच्या सामानाचा घोळ वेगळा आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, असा शासन निर्णय महाराष्ट्रात २०१५ साली निघाला. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणानं पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो ही मर्यादा दिली. वीस किलोच्या पोराला दोन किलो दप्तर. त्यात एक लिटर पाण्याची बाटली घातली की निम्मं वजन पाण्याचंच झालं. पण जळगावच्या एप्रिलमध्ये बाटली काढा असं कोण म्हणेल? शाळेत प्यायचं पाणी भरवशाचं असेल तरच बाटली अर्धी भरून चालते, आणि बाकीचं ओझं शाळेतच ठेवायची सोय लागते. ओझं कमी करायला बालभारतीनं २०२३-२४पासून काही इयत्तांची पुस्तकं चार भागांत, मध्ये लिहायला कोरी पानं घालून काढली. कोऱ्या पानांचा प्रयोग २०२५मध्ये मागे घेण्यात आला. मुलं वह्या वेगळ्या आणतच राहिली होती.

पुस्तकाच्या बांधणीपेक्षा वर्गात एक साधा उपाय जास्त लागू पडतो. चित्रकलेची वही, रंग, कात्री, पट्टी, जुन्या भागाची पुस्तकं शाळेत राहावीत. घरी जावी ती त्या दिवसाची वही आणि एक गोष्टीचं पुस्तक. दप्तर टांगायला मुलाच्या खांद्याच्या उंचीवर भिंतीत खुंट्या ठोकल्या की बसायची जागा मोकळी होते, आणि चालताना कोणी कोणाच्या दप्तरावर पाय देत नाही. पेन्सिल, खोडरबर आणि शार्पनर यांवरून पहिली-दुसरीत दिवसातला किती वेळ भांडणात जातो, हे शिक्षकांना विचारा. गटाच्या मध्ये एक डबा, त्यात सगळ्यांच्या पेन्सिली, टोक केलेल्या. ज्याच्या घरून आठवडे बाजारातून नवी पेन्सिल येत नाही त्याला मग रोज हात पसरावा लागत नाही. काही पालकांना हे पटत नाही, ‘आमच्या पोराची चांगली पेन्सिल दुसरं नेतं’ अशी तक्रार येते. ती ऐकून घ्यावी, पण डबा हलवू नये.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गातून नाहीशी होतात. काहींसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते, काही आईबापांबरोबर जातात. त्यांच्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा नाव घालून शाळेत जपून ठेवावा आणि त्यांची खुंटी दुसऱ्याला देऊ नये. परत आलेल्या मुलाला आपली जागा आहे तशी मिळाली तर ते वर्गात पुन्हा बसायची शक्यता वाढते.

भिंतींविषयी माझं मत थोडं कडक आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं, फरशीवर आखलेल्या तक्त्यांवर मुलांना बसवून, हातात वस्तू देऊन शिकवायची पद्धत रुळवली. राज्यभरातून शिक्षक ती पाहायला गेले, आणि २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तर गर्दीच झाली. त्याआधीच कबीर वाजपेयी या वास्तुविशारदांच्या ‘विन्यास’ संस्थेची ‘बाला’ कल्पना युनिसेफच्या साथीनं पसरली होती : इमारत हेच शिकण्याचं साधन. दार उघडतं तिथे जमिनीवर कोन आखा, खिडकीच्या गजांतून अक्षराची वळणं गिरवू द्या. दोन्ही कल्पना मुलांच्या हातांवर उभ्या आहेत. नक्कल करताना हात मागे पडले आणि ऑइलपेंट पुढे आला. छतापर्यंत तक्ते, खांबांवर सुविचार, फरशीवर फुलं, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या उंचीवर सगळा मजकूर.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी अशा भिंतींनी मुलांचं लक्ष विचलित होतं का, याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या मुलांना काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ दुसरीकडे लक्ष जाण्यात गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के, चाचणीतली बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं थोडी होती, पण निष्कर्ष आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात डोळ्यांनी पडताळता येतो. फळ्याच्या भिंतीवर फळा सोडून काही नको. चालू धड्याचे दोन-तीन तक्ते, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, धडा संपला की उतरवलेले. बाकी खालची पट्टी काळी किंवा हिरवी रंगवून मुलांनाच लिहायला द्यावी.

मग हे सगळं रोज लावायचं कोणी? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहही सांभाळायचे. मुलं नसताना त्यांच्या खोल्या झाडायचे, पसरलेलं सामान लावून ठेवायचे. खानदेशातला शिक्षक वर्गाच्या टापटिपीची गोष्ट निघाली की हेच उदाहरण देतो. ती मोठी मुलं होती, घरापासून दूर राहणारी, आणि गुरुजींना त्यांची आई व्हायचं होतं. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात शिक्षकानं पाचनंतर मागे राहून सगळं आवरू नये. मधल्या सुट्टीआधी आणि शाळा सुटण्याआधी पाच-पाच मिनिटं ठेवावीत, प्रत्येक फडताळाला आठवड्याचा एक जोडीदार नेमावा. मुलांच्या शालेय मंत्रिमंडळात साहित्यमंत्री असतो. त्याला किल्ली नव्हे, यादी द्यावी. आणि एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. झाडू नेहमी मुलींच्याच हाती जातो, किंवा वस्तीतल्या ठरावीक घरांच्या मुलांच्या हाती. पाळीचा तक्ता हजेरीपटाच्या क्रमानं लावला आणि मुलगेही त्यात आले तरच ती पाळी म्हणायची.

पैशांचं कारण अनेकदा पुढे येतं. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पटापर्यंत २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे. त्यात वीजबिलापासून खडूपर्यंत सगळं येतं, तेव्हा ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पण बाह्यरेषा, खुंट्या, काड्यांच्या जुड्या आणि दोन समोरासमोरचे फळे यांना त्यातला थोडाच भाग लागतो. अडतं ते कपाटापाशी.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. शालेय व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तुम्ही त्या समितीत असाल तर पहिल्याच सभेत दोन विषय लिहून द्या : गेल्या वर्षी वापरात मोडलेल्या साहित्याच्या निर्लेखनाचा ठराव, आणि वर्ग भरलेला असताना साहित्याचं कपाट उघडं ठेवण्याचा ठराव. मोडतोडीला समितीनं आधीच मान्यता दिली आहे हे कागदावर आलं, की मुख्याध्यापकांची अर्धी भीती जाईल. आणि सभा संपताना विचारा, गणित पेटी शेवटची कधी उघडली होती.